एक प्रोजेक्ट, अनेक एडिटर: टीमसाठी व्हिडिओ एडिटिंगची मांडणी

एकट्याने एडिटिंग करताना फुटेज डेस्कटॉपवर असले, संगीत डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये असले आणि लोगो कुठल्यातरी पेन ड्राइव्हवर असला तरी काम निभते. कुठली फाइल कुठे आहे हे त्या एका कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरला माहीत असते. तोच प्रोजेक्ट सहकाऱ्याने आपल्या कॉम्प्युटरवर उघडला की टाइमलाइनभर ‘मीडिया ऑफलाइन’च्या लाल पाट्या दिसतात. मग फाइली शोधण्यात, पाठवण्यात आणि पुन्हा जोडण्यात अख्खा दिवस जातो, आणि दोघांनी वेगवेगळ्या प्रतींवर केलेले काम एकत्र कसे आणायचे हा प्रश्न उरतोच.

हा लेख पहिल्यांदाच टीममध्ये एडिटिंग करणाऱ्यांसाठी आहे. दोन ते सहा-सात जणांची टीम डोळ्यांसमोर ठेवली आहे. मुख्यतः डाविंची रिझॉल्व्ह आणि प्रीमियर प्रो यांच्याविषयी लिहिले आहे, कारण नवीन टीम बहुधा या दोघांपैकीच एक निवडतात.

आधी हे समजून घ्या

प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतो. तिच्यात फक्त नोंदी असतात: अमुक क्लिप अमुक जागी आहे, तिचा इथपासून इथपर्यंतचा तुकडा टाइमलाइनवर ठेवला आहे, त्यावर हा रंग आणि हा आवाज लावला आहे. म्हणून तासन्‌तासांच्या फुटेजचा प्रोजेक्टही काही एमबींत मावतो.

यातून कामाचे तीन भाग पडतात आणि प्रत्येकाचा नियम वेगळा आहे. फुटेज, संगीत, ग्राफिक्स हा मीडिया सगळ्यांना सारखाच दिसला पाहिजे आणि एकदा जागेवर ठेवला की त्याला कोणी हलवायचे नाही. प्रोजेक्ट सगळ्यांचा असतो, पण त्याच्या एका भागात एका वेळी एकानेच लिहायचे. आणि कॅशे, म्हणजे प्लेबॅक सुरळीत व्हावा म्हणून सॉफ्टवेअर बनवते त्या तात्पुरत्या फाइली, ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर राहतात. या तिन्हींची सरमिसळ टाळण्यासाठीच पुढची सगळी मांडणी आहे.

पायरी १: टीम कुठे बसते ते ठरवा

सगळे एकाच जागी, एकाच नेटवर्कवर बसत असतील तर मीडिया एका सामायिक स्टोरेजवर ठेवता येतो. नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेली डिस्कांची पेटी, हा त्यातला रुळलेला मार्ग आहे. माणसे वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर प्रत्येकाकडे मीडियाची स्वतःची प्रत लागते आणि इंटरनेटवरून फक्त प्रोजेक्टच्या नोंदी फिरतात. काही जण इथे, काही तिथे अशी स्थिती असेल तर दूरच्यांना प्रॉक्सी फाइली, म्हणजे मूळ क्लिपच्या हलक्या प्रती, द्यायच्या आणि मूळ फुटेज मुख्य जागी ठेवायचे.

नॅस घेताना बहुतेक जण किती टीबी एवढेच बघतात. वेगाचा हिशोब त्याहून महत्त्वाचा आहे. सेकंदाला २९.९७ फ्रेमचे, प्रोरेस ४२२ या एडिटिंगच्या फॉरमॅटमधले फुल एचडी फुटेज सेकंदाला सुमारे १४७ मेगाबिट खाते. तेच यूएचडीमध्ये (४के) सुमारे ५८९ मेगाबिटवर जाते. साध्या गिगाबिट नेटवर्कवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास, म्हणजे जवळपास ८८० मेगाबिट मिळतात. फुल एचडीचे पाच प्रवाह त्यात चालतील, पण यूएचडीचा एकच. दोघांनी एकाच वेळी मल्टिकॅम, म्हणजे अनेक कॅमेऱ्यांचे फुटेज एकत्र, उघडले की प्लेबॅक अडखळणारच. अशा वेळी एकतर १० गिगाबिटचे नेटवर्क घ्या, नाहीतर प्रॉक्सीवर काम करा. सुरुवातीला प्रॉक्सीचा मार्ग स्वस्त आणि पुरेसा आहे.

एडिटिंगसाठी वायफाय वापरू नका. कागदावर वेग कितीही दिसो, तो सतत तेवढाच राहत नाही, आणि एडिटिंगला सातत्य लागते. नेटवर्कची केबल लावा.

पायरी २: फोल्डर आणि पाथ

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. इथे मन लावून केलेले काम पुढे सारखे उपयोगी पडते.

सॉफ्टवेअर क्लिपला तिच्या पाथवरून, म्हणजे डिस्कवरच्या पूर्ण पत्त्यावरून ओळखते. विंडोजवर तो ड्राइव्हच्या अक्षराने सुरू होतो, मॅकवर ‘व्हॉल्यूम्स’ या फोल्डरापासून. तुमच्याकडे सामायिक ड्राइव्हचे अक्षर झेड आणि सहकाऱ्याकडे एक्स असेल तर दोघांचे स्टोरेज एकच असूनही सॉफ्टवेअरच्या दृष्टीने त्या वेगळ्या जागा आहेत. म्हणून सगळ्या विंडोज कॉम्प्युटरवर नेटवर्क ड्राइव्हला एकच अक्षर द्या, आणि ते शेवटच्या अक्षरांपैकी निवडा, म्हणजे पेन ड्राइव्ह लावल्यावर ते कोणी बळकावणार नाही. मॅकवर शेअरचे, म्हणजे सामायिक ड्राइव्हचे, नाव सगळीकडे सारखे राहील असे बघा. टीममध्ये मॅक आणि विंडोज दोन्ही असतील तर रिझॉल्व्हच्या प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये पाथ मॅपिंगची सोय आहे: ‘माझ्याकडचा हा पाथ म्हणजे प्रोजेक्टमधला तो पाथ’ असे एकदा सांगितले की पुन्हा पुन्हा जोडाजोड करावी लागत नाही.

प्रत्येकाकडे वेगळ्या बाहेरच्या डिस्क असतील तर त्या सगळ्यांना एकच नाव द्या आणि आतली फोल्डररचना हुबेहूब सारखी ठेवा. डिस्क दोन्ही प्रणालींवर फिरणार असेल तर ती एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची डिस्क मॅक वाचतो, पण एरवी तिच्यावर लिहीत नाही. एक्सफॅट मात्र अचानक उपटलेली केबल सहन करत नाही, तेव्हा डिस्क काढताना ‘इजेक्ट’ केल्याशिवाय हात लावू नका.

फोल्डररचना साधी असावी. मला सहा फोल्डर पुरेसे वाटतात: मूळ फुटेज, प्रॉक्सी, आवाज, ग्राफिक्स, प्रोजेक्ट, एक्सपोर्ट. नावांच्या पुढे ०१, ०२ असे आकडे लावले की क्रम सगळीकडे सारखा दिसतो. मूळ फुटेजच्या आत आधी तारखेचा फोल्डर, त्याच्या आत कॅमेऱ्याचा, त्याच्या आत कार्डाचा. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमानेच लिहा, म्हणजे फोल्डर आपोआप काळाच्या क्रमाने लागतात.

फाइलींची आणि फोल्डरांची नावे रोमन अक्षरे, आकडे आणि अंडरस्कोअर एवढ्यावरच ठेवा. आपल्या लिपीत नावे द्यावीशी वाटणे साहजिक आहे आणि बहुतेक ठिकाणी ती चालतातही. पण एखादे जुने प्लगइन किंवा रेंडर करणारे साधन नेमके तिथेच अडते, तेही काम सोपवायच्या वेळी. प्रश्नचिन्ह, कोलन, तारांकन, तिरकी रेघ ही चिन्हे विंडोजला नावात चालत नाहीत, म्हणून मॅकवाल्यांनीही ती टाळावीत.

कार्डातले फुटेज उतरवताना कार्डावरची अख्खी फोल्डररचना जशीच्या तशी घ्या, नुसत्या व्हिडिओ फाइली उचलू नका. काही कॅमेरे टाइमकोड (प्रत्येक फ्रेमची वेळेची खूण) आणि लांब क्लिपचे दुवे शेजारच्या छोट्या फाइलींत ठेवतात. कॉपी तपासून घेणारे साधन वापरा. रिझॉल्व्हच्या मीडिया पेजवर ‘क्लोन टूल’ आहे, ते प्रत बनवताना चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा, ताडून बघते. दोन वेगळ्या डिस्कांवर तपासलेली प्रत झाल्याशिवाय कार्ड पुसायचे नाही, आणि पुसण्याचा अधिकार टीममध्ये एकाकडेच असावा.

पायरी ३: सॉफ्टवेअर निवडा, पण लॉकिंग बघून

इफेक्ट किती आहेत यापेक्षा ‘दोघांनी एकच गोष्ट एकदम बदलायला घेतली तर काय होते’ हा प्रश्न टीमने आधी विचारावा.

ॲव्हिड मीडिया कंपोझरने बिन (प्रोजेक्टमधला क्लिप ठेवायचा फोल्डर) लॉक करण्याची पद्धत रुळवली: एकाने बिन उघडले की ते त्याच्याकडे, बाकीच्यांना ते फक्त बघता येते. मोठ्या संस्थांत आजही ते वापरले जाते. फायनल कट प्रोमध्ये एक लायब्ररी एका वेळी एकच जण उघडू शकतो, त्यामुळे तिथे हलकी लायब्ररी बनवून एकमेकांना पाठवण्याची पद्धत आहे. केडेनलाइव्ह मोफत आणि चांगले आहे, पण एकत्र काम करण्याची अंगभूत सोय त्यात नाही. पाळीपाळीने काम करणाऱ्या दोघांना ते पुरते.

रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट डेटाबेसमध्ये राहतो आणि अनेकांना एकाच वेळी उघडता येतो. एडिट, रंग आणि आवाज एकाच प्रोजेक्टमध्ये होतात, त्यामुळे एक जण कापत असताना दुसरा रंगावर बसू शकतो. प्रीमियरमध्ये दोन मार्ग आहेत: सामायिक स्टोरेजवर चालणारे ‘प्रॉडक्शन्स’ आणि क्लाउडवर चालणारे ‘टीम प्रोजेक्ट्स’.

कोणतेही निवडा, सगळ्यांची आवृत्ती नेमकी एकच हवी. नव्या आवृत्तीत उघडून सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि रिझॉल्व्हमध्ये तर लायब्ररीच वरच्या आवृत्तीत नेली जाते. स्वयंचलित अपडेट बंद करा आणि प्रोजेक्ट संपेपर्यंत अपडेटला हात लावू नका. फॉन्ट, प्लगइन आणि लट (रंग बदलण्याच्या तयार फाइली) यांनाही हाच नियम. ते एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रत्येकाने तिथूनच इन्स्टॉल करावेत.

पायरी ४ अ: रिझॉल्व्हची मांडणी

सगळे एका नेटवर्कवर असतील तर एक कॉम्प्युटर सर्व्हर म्हणून निवडा. तो ताकदीचा नसला तरी चालेल, पण तो सतत सुरू हवा, यूपीएसवर हवा आणि त्याचा आयपी पत्ता कायम हवा. त्यावर ‘डाविंची रिझॉल्व्ह प्रोजेक्ट सर्व्हर’ हे ब्लॅकमॅजिकचे मोफत सॉफ्टवेअर इन्स्टॉल करा. पोस्टग्रेस्क्यूएल हा डेटाबेस त्याच्या पोटात असतो. तिथे नवी प्रोजेक्ट लायब्ररी बनवा आणि ती नेटवर्कवर शेअर करा.

मग प्रत्येक एडिटरने आपल्या रिझॉल्व्हच्या प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये लायब्ररींची यादी उघडून ‘नेटवर्क’ विभागात ही लायब्ररी जोडायची. जोडणी होत नसेल तर पहिला संशय सर्व्हरच्या फायरवॉलवर घ्या. डेटाबेसचे पोर्ट ५४३२ त्याने अडवलेले असते. ते स्थानिक नेटवर्कपुरते उघडा, बाहेरच्या इंटरनेटला नको.

लायब्ररी जोडली म्हणजे एकत्र काम सुरू झाले असे नाही. प्रोजेक्ट उघडून ‘फाइल’ मेनूमधला ‘मल्टिपल युजर कोलॅबोरेशन’ हा पर्याय चालू करावा लागतो. नवीन टीम हमखास इथे अडखळते: तो बंद असताना दुसऱ्याला त्याच वेळी प्रोजेक्टमध्ये काम करता येत नाही आणि सगळे नेटवर्कला दोष देत बसतात.

आता एक जण एखाद्या बिनमध्ये किंवा टाइमलाइनवर काम करू लागला की ते त्याच्या नावे लॉक होते. बाकीच्यांना ते दिसते, बदलता येत नाही. म्हणून सगळ्या टाइमलाइन एका बिनमध्ये कोंबू नका. प्रत्येक प्रसंगाला किंवा भागाला स्वतंत्र बिन आणि त्यात त्याची टाइमलाइन ठेवा.

माणसे दूरदूर असतील तर लायब्ररी ब्लॅकमॅजिक क्लाउडवर ठेवता येते; रिझॉल्व्ह १८ पासून, म्हणजे २०२२ पासून ही सोय आहे. सहकाऱ्यांना त्यांच्या ब्लॅकमॅजिक आयडीने प्रोजेक्टमध्ये घ्यायचे. बिनांचे आणि टाइमलाइनचे लॉकिंग तसेच चालते.

पायरी ४ ब: प्रीमियरची मांडणी

सामायिक स्टोरेज असेल तर मी प्रॉडक्शन्सच निवडायला सांगेन. ‘फाइल’ मेनूतून नवे प्रॉडक्शन बनवा आणि ते सामायिक ड्राइव्हच्या प्रोजेक्ट फोल्डरमध्ये ठेवा. प्रॉडक्शन म्हणजे डिस्कवरचा एक फोल्डर, ज्यात अनेक छोटे प्रोजेक्ट राहतात. फुटेजचे प्रोजेक्ट वेगळे करा, सिक्वेन्सचे (प्रीमियरमधल्या टाइमलाइनचे) वेगळे. फुटेजच्या प्रोजेक्टमधून क्लिप सिक्वेन्सच्या प्रोजेक्टमध्ये ओढली तरी तिची दुसरी प्रत होत नाही, फक्त संदर्भ जोडला जातो. म्हणून मोठी कामेही हलकी राहतात आणि लवकर उघडतात.

प्रेफरन्सेसमधल्या ‘कोलॅबोरेशन’ विभागात प्रोजेक्ट लॉकिंग चालू करून प्रत्येकाने स्वतःचे नाव भरायचे. हे नाव भरायला विसरू नका. कोणाकडे काय उघडे आहे हे इतरांना त्यावरूनच कळते. हिरवी पेन्सिल दिसली तर लिहायचा हक्क तुमच्याकडे, लाल कुलूप दिसले तर फक्त बघायचा.

टीम प्रोजेक्ट्समध्ये प्रोजेक्ट ॲडोबीच्या क्लाउडवर राहतो. तुम्ही केलेले बदल ‘शेअर’ केल्यावरच इतरांना मिळतात आणि इतरांचे बदल तुम्ही मागून घ्यायचे असतात. शेअर करताना काय बदलले ते एका ओळीत लिहा. मीडिया मात्र आपोआप क्लाउडवर जात नाही. तो प्रत्येकाकडे हवा.

साधा एकट्याचा प्रोजेक्ट ड्रॉपबॉक्स किंवा गूगल ड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये ठेवून दोघांनी उघडायचा, हा मार्ग कितीही सोपा वाटला तरी घेऊ नका. दोघांनी सेव्ह केले की ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ नावाची दुसरी फाइल बनते, किंवा एकाचे काम दुसऱ्याच्या कामाखाली गाडले जाते. अशा सेवा मीडिया आणि प्रॉक्सी पोचवण्यासाठी उत्तम आहेत, त्यांचा वापर तिथेच करावा. तेव्हाही फाइली प्रत्यक्ष कॉम्प्युटरवर उतरल्या आहेत याची खात्री करा. नुसती ‘ऑनलाइन’ असलेली फाइल यादीत दिसते, पण प्लेबॅकला अडकते.

पायरी ५: फुटेज आत घेण्याआधीची सेटिंग्ज

फ्रेम रेट पहिल्याच बैठकीत ठरवा. रिझॉल्व्हमध्ये मीडिया पूलमध्ये (प्रोजेक्टमधल्या क्लिपांच्या साठ्यात) क्लिप आल्या की प्रोजेक्टचा टाइमलाइन फ्रेम रेट बदलता येत नाही. २३.९७६ आणि २४ यांतला फरक किरकोळ वाटतो, पण एका तासात तो ३.६ सेकंदांचा होतो, आणि वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज ओठांपासून सुटलेला दिसायला त्याचा दहावा भागही पुरतो. आवाज ४८ किलोहर्ट्झ ठेवा.

मोबाइलवरच्या फुटेजचा फ्रेम रेट पुष्कळदा स्थिर नसतो. ते आधी हँडब्रेक किंवा शटर एन्कोडरमधून स्थिर फ्रेम रेटवर आणा आणि मगच टीमला द्या. हे काम एकानेच करायचे, नाहीतर एकाच क्लिपच्या वेगवेगळ्या लांबीच्या आवृत्त्या फिरू लागतात.

कॅशेची जागा प्रत्येकाने आपल्या कॉम्प्युटरवरच्या वेगवान एसएसडीवर ठेवावी. प्रीमियरमध्ये ती प्रेफरन्सेसच्या ‘मीडिया कॅशे’ विभागात ठरते. रिझॉल्व्हमध्ये प्रेफरन्सेसच्या ‘मीडिया स्टोरेज’ यादीतली पहिली जागा कॅशेसाठी वापरली जाते, तेव्हा तिथे सामायिक ड्राइव्ह सगळ्यात वर नसावा.

पायरी ६: प्रॉक्सी

प्रॉक्सी म्हणजे मूळ क्लिपची हलकी प्रत. काम तिच्यावर करायचे, शेवटचे एक्सपोर्ट मूळ फुटेजवरून. फुल एचडीत प्रोरेस ४२२ चे एक तासाचे फुटेज सुमारे ६६ जीबी होते. प्रोरेस प्रॉक्सीत तेच सुमारे २० जीबी. दूरच्या सहकाऱ्याला पाठवताना हा फरक जाणवतो.

प्रॉक्सी सगळ्यांनी आपापल्या बनवू नयेत. एका कॉम्प्युटरवर, एका सेटिंगने बनवा आणि सगळ्यांना द्या. नाव, टाइमकोड, फ्रेम रेट आणि आवाजाचे चॅनेल मुळासारखेच हवेत. कॅमेऱ्यात चार चॅनेल आणि प्रॉक्सीत दोन असतील तर प्रीमियर ती जोडायला नकार देतो. रिझॉल्व्हवाल्यांसाठी ‘ब्लॅकमॅजिक प्रॉक्सी जनरेटर’ आहे: फोल्डर दाखवला की तो मूळ क्लिपच्या शेजारी ‘प्रॉक्सी’ नावाचा उपफोल्डर करून त्यात प्रती बनवतो आणि रिझॉल्व्ह त्या आपोआप ओळखते. हे साधन वापरणार असाल तर वर सांगितलेला स्वतंत्र प्रॉक्सी फोल्डर नको.

पायरी ७: खरे काम सुरू करण्याआधी चाचणी

दोन-तीन मिनिटांचे फुटेज घ्या आणि संपूर्ण साखळी एकदा चालवा. एकाने क्लिप आत घ्यायची, दुसऱ्याने दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती उघडून कापायची. दोघांनी मुद्दाम एकच बिन एकदम उघडायचे आणि लॉक दिसतो का बघायचे. मग एकाची नेटवर्क केबल काढा, काय होते ते बघा, पुन्हा लावा. टीममध्ये सगळ्यात साधा कॉम्प्युटर ज्याचा आहे त्याच्याकडे प्लेबॅक तपासा. शेवटी प्रॉक्सी बंद करून मूळ फुटेजवरून एक्सपोर्ट करा आणि फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा. आवाज आणि रंग दुसरीकडे जाणार असतील तर आवाजासाठी एएएफ आणि रंगासाठी एक्सएमएल (टाइमलाइन दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेणाऱ्या फाइली) आत्ताच काढून त्या माणसांकडे उघडून घ्या. पिक्चर लॉक झाल्यावर, म्हणजे एडिट कायम ठरल्यावर, ते उघडत नाही असे कळणे फार महागात पडते.

रोजच्या वापरासाठी

कोणी कोणता भाग घेतला आहे याची एक सामायिक तक्ता-फाइल ठेवा. काम थांबवताना प्रोजेक्ट बंद करा. उघडा ठेवून जेवायला गेलेला एडिटर अख्ख्या टीमला अडकवतो. मोठा बदल करण्याआधी टाइमलाइनची प्रत करा आणि नावात तारीख, आवृत्तीचा आकडा आणि आपली आद्याक्षरे घाला. ‘फायनल’ हा शब्द नावात नको, कारण त्याच्यानंतरही बदल येतातच. फ्रेम.आयओसारख्या ऑनलाइन सेवेवर अभिप्राय घेत असाल तर तो तिथेच घ्या; फोनवर सांगितलेली अर्धी दुरुस्ती आणि संदेशातली उरलेली अर्धी एकत्र कधीच येत नाहीत.

बॅकअपबद्दल मी आग्रही आहे. नॅसमधल्या डिस्का रेडमध्ये, म्हणजे एक बिघडली तरी डेटा टिकेल अशा जोडणीत, असल्या तरी तो बॅकअप नव्हे. एखादी डिस्क मेली तर रेड सांभाळून घेते. चुकून पुसलेला फोल्डर ते सगळ्या डिस्कांवरून तितक्याच इमानाने पुसते. मूळ फुटेजच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम पाळा. प्रोजेक्टचा बॅकअप त्याहून सोपा आहे, कारण तो काही एमबींचाच असतो. रिझॉल्व्हमध्ये प्रेफरन्सेसमधून ‘प्रोजेक्ट बॅकअप्स’ आणि ‘टाइमलाइन बॅकअप्स’ चालू करा, आणि रोज संध्याकाळी एकाने अख्ख्या लायब्ररीचा बॅकअप सर्व्हरबाहेर काढावा. प्रीमियरमध्ये ऑटो-सेव्हचा फोल्डर कुठे आहे हे सगळ्यांना दाखवून ठेवा.

काम पूर्ण झाल्यावर रिझॉल्व्हमध्ये ‘प्रोजेक्ट आर्काइव्ह’ काढा, प्रीमियरमध्ये ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ने प्रोजेक्ट आणि मीडिया एका जागी गोळा करा. सोबत शेवटच्या टाइमलाइनची एक्सएमएल आणि संपूर्ण दर्जाचे एक्सपोर्ट ठेवा. कॅशे आणि प्रॉक्सी पुसून टाका, त्या पुन्हा बनवता येतात. मग हे आर्काइव्ह या प्रोजेक्टशी संबंध नसलेल्या एखाद्या कॉम्प्युटरवर उघडा. तिथे लाल पाटी दिसली नाही की सामायिक ड्राइव्हवरची जागा मोकळी करायला हरकत नाही.